अभ्यासाचं वातावरण

नगर जिल्हा क्षेत्रफळानं महाराष्ट्रात पहिला. १४ तालुके, १७ हजार चौरस किलोमीटरांहून जास्त पसारा. एका टोकाला अकोल्यात कळसूबाईचा धो धो पाऊस, दुसऱ्या टोकाला जामखेडात टँकरची वाट बघणारी घागर. एवढ्या मोठ्या जिल्ह्यात एकमत म्हणून कशावर होत नाही. जिल्ह्याचं विभाजन व्हावं हे बहुतेकांना मान्य, पण मुख्यालय संगमनेर की श्रीरामपूर की शिर्डी, इथं गाडी कित्येक वर्षं अडलेली. सरकारदरबारी नाव अहिल्यानगर झालं, तरी एसटीत कंडक्टरपुढं पैसे धरणारा म्हातारा अजून ‘एक नगर’च मागतो. पण फेब्रुवारी लागला की अकोल्यापासून जामखेडपर्यंत अख्खा जिल्हा एका वाक्यावर एक होतो : घरात दहावी-बारावीचं पोर आहे, अभ्यासाचं वातावरण पाहिजे!

हे वातावरण तयार करायची आमच्याकडं ठरलेली रीत आहे. टीव्हीचा रिचार्ज संपू द्यायचा. पाहुण्यांना ‘परीक्षा झाल्यावर निवांत या’ असं कळवायचं. मग ते त्याच आठवड्यात ‘पोराला ऑल द बेस्ट करायला’ येतात. माळीवाड्याच्या विशाल गणपतीला नारळ बोलायचा. शिर्डीला पायी जायचं कबूल करायचं. चालायचं मात्र आईनं. मामेबहिणीच्या साखरपुड्याला घरातल्या निम्म्यांनी जायचं आणि उरलेल्या निम्म्यांनी अभ्यास करणाऱ्या पोराकडं टक लावून बसायचं.

यंदा सावेडीतल्या आमच्या घरी पुतण्याची दहावी आहे. खरं म्हणजे ती दादा-वहिनींची आहे. पुतण्या फक्त पेपर लिहायला जाणार. वातावरणात काही कसर राहू नये म्हणून वहिनींनी घरात सगळ्यांनी दिवसातून दोन तास मौन पाळावं, असा ठराव मांडला. नगरजवळ अरणगावच्या मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ ला जे मौन धरलं ते १९६९ साली देह ठेवेपर्यंत, त्रेचाळीस वर्षांहून जास्त पाळलं. आपल्याला दोन तास जड आहेत का, असा त्यांचा सवाल होता. पहिल्याच दिवशी अकराव्या मिनिटाला दूध उतू गेलं आणि ठराव मांडणाऱ्यांनीच तो मोडला.

वातावरणानंतर येतं वेळापत्रक. अभ्यासाच्या सर्व प्रकारांत विद्यार्थ्यांना मनापासून आवडणारा प्रकार हाच. पुतण्यानं त्यासाठी कार्डशीट आणली, चार रंगांची स्केचपेनं आणली आणि शनिवार-रविवार खर्ची घातले. ‘पहाटे ४ ते ६ गणित’ लाल रंगात. ‘६ ते ६.०५ अंघोळ’ निळ्या रंगात. ज्या मुलाला बाथरूममधून काढायला दादांना मेन कॉक बंद करावा लागतो, त्यानं अंघोळीला पाच मिनिटं दिलेली पाहून घर गहिवरलं. सोमवारी पहाटे चारला गजर झाला. दादा उठले, वहिनी उठल्या, शेजारचे निवृत्त काका उठले आणि त्यांचा कुत्राही उठला. पुतण्या सव्वासातला उठला आणि म्हणाला, “आता वेळापत्रकच बदलावं लागणार.” मंगळवारचा दिवस नव्या वेळापत्रकात गेला. कार्डशीट संपली तेव्हा कुठं तो अभ्यासाला लागला.

पहाटेच्या अभ्यासाचं आमच्या जिल्ह्यात मोठं प्रस्थ. खेडेगावात त्याला व्यावहारिक कारणही आहे. शेतीपंपाची लाइट रात्रीची असली की बाप दारं धरायला रानात जातो, पहाटे चिखलाच्या पायांनी घरी येतो, पोराला हलवून उठवतो आणि स्वतः आडवा होतो. उठलेलं पोर पुस्तक मांडीवर घेऊन भिंतीला टेकतं. इथं घोटाळा होतो. टेकून बसून विद्या प्रकट झाल्याचं आमच्या जिल्ह्यातलं थोर उदाहरण म्हणजे नेवाशाचा पैस खांब. ज्ञानेश्वरांनी त्याला टेकून १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंदबाबांनी ती उतरून घेतली, अशी परंपरा आहे. माउलींचं वय तेव्हा पंधराच्या आसपास, म्हणजे ऐन दहावीचं. ही कथा घराघरात सांगितली जाते. फरक एवढाच की माउली टेकून सांगत होते आणि आमची पोरं टेकून झोपतात.

वेळापत्रकाच्या पाठोपाठ हायलायटर. चितळे रोडवरच्या स्टेशनरीच्या दुकानात फेब्रुवारीत हायलायटरचे खोके काउंटरवर येतात. पुतण्यानं पाचांचा संच आणला : पिवळा महत्त्वाच्यासाठी, गुलाबी अतिमहत्त्वाच्यासाठी, हिरवा ‘आयएमपी’साठी. आयएमपी आणि अतिमहत्त्वाचं यात फरक काय, हे विचारायचं धाडस कुणी केलं नाही. आठवड्याभरात बालभारतीचं इतिहासाचं पुस्तक रंगपंचमीहून आल्यासारखं दिसू लागलं. एका पानावर फक्त पृष्ठक्रमांक कोरा राहिला होता; त्यावरही पिवळा फिरवून त्यानं पान पूर्ण केलं.

यात बिचाऱ्याचा दोष नाही. २०१३ साली डनलॉस्की या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा लोकप्रिय पद्धतींवर झालेलं संशोधन एकत्र तपासलं. अधोरेखन आणि पुनःपुन्हा वाचणं, म्हणजे जगभरच्या विद्यार्थ्यांच्या अत्यंत लाडक्या पद्धती, तळाशी निघाल्या. वरच्या पायरीवर दोनच आल्या : स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांवर पसरून करणं. मी हे दादांना वाचून दाखवलं. दादा म्हणाले, “मग पाचशेचं स्टेशनरीचं बिल झालं त्याचं काय?” संशोधनात याचं उत्तर नव्हतं.

पुन्हा वाचण्यातली फसगत मोठी मजेशीर आहे. पाइपलाइन रोडवर सकाळी फिरताना एक गृहस्थ रोज समोरून येतात, हसतात, मीही हसतो. चेहरा इतका ओळखीचा की घरचाच वाटावा, पण बायकोनं ‘कोण हो ते?’ असं विचारलं की माझी बोबडी वळते. तिसऱ्यांदा वाचलेल्या धड्याचं तसंच होतं. अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी २००६ साली हे पोरांवर करून पाहिलं. एका गटानं उतारा चार वेळा वाचला. दुसऱ्यानं एकदा वाचला आणि तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानं विचारलं तेव्हा वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवत होतं, आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि गंमत अशी की आपल्याला नक्की आठवणार, याची खात्री जास्त होती ती चार वेळा वाचणाऱ्यांनाच. पेपर ‘सोपा गेला’ असं सांगत बाहेर येणारी पोरं आणि नंतर लागणारा निकाल यांच्यातलं अंतर मला तेव्हा पहिल्यांदा नीट समजलं.

घरचं वातावरण पुरत नाही असं झालं की पोरं अभ्यासिकेत जातात. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक आहे. जिना चढून गेलं की प्लायवूडच्या खुराड्यांची रांग. प्रत्येक खुराड्यात एक ट्यूबलाइट, एक प्लग, एक लॉकर आणि भिंतीवर एका यशस्वी अधिकाऱ्याचा फोटो. ‘शांतता राखा’ ही पाटी सात ठिकाणी. पाथर्डी, शेवगाव, कर्जतकडची पोरं खोली करून राहतात, डबा लावतात आणि तलाठी, पोलीस, राज्यसेवा, जी जाहिरात निघेल तिची तयारी करतात. यात खरोखर मान मोडून अभ्यास करणारी पोरं पुष्कळ आहेत. ऊसतोडीला गेलेल्या आईबापाचा फोन आला की जिन्यात जाऊन हळू आवाजात बोलतात आणि डोळे पुसून परत बसतात. त्यांच्याविषयी विनोद सुचत नाही.

विनोद बाकीच्यांविषयी. सकाळी सातला यायचं, खुर्चीवर बॅग ठेवायची, टेबलावर पुस्तक उघडं टाकायचं, बाटली भरायची आणि चहाला उतरायचं. खाली टपरीवर जाहिरात कधी निघणार, कटऑफ किती लागणार, आयोगानं पॅटर्न का बदलला, या विषयांवर अकरापर्यंत चर्चा. वर पुस्तक पंख्याच्या वाऱ्यानं आपोआप पानं उलटत असतं. त्याचा अभ्यास बऱ्यापैकी होतो. नवीन पोरगं चौकशीला आलं की पहिला प्रश्न फीचा, दुसरा वायफायचा. ग्रंथालयाचा प्रश्न विचारणारा एकदा आला होता. त्याला चालकांनी पत्ता चुकला असेल म्हणून शेजारच्या गल्लीत पाठवलं.

आणि याच पोरांना संध्याकाळी वाडिया पार्कवर बघा. भरतीचं ग्राउंड मारताना यांच्याइतका शहाणा विद्यार्थी नाही. १६०० मीटर रोज धावतात, हातात घड्याळ, कालच्यापेक्षा दोन सेकंद कमी झाले का ते वहीत टिपतात. धावण्याच्या पुस्तकावर कुणी हायलायटर फिरवत नाही. महिनाभराचं धावणं भरतीच्या आदल्या रात्री एकदम उरकू, असं कुणाच्या डोक्यातही येत नाही. अभ्यासाचं सगळं शास्त्र या पोरांच्या पायांना पाठ आहे. पुस्तक हातात घेतलं की विसरतात.

एकांताची सोय हवी, असं म्हणणाऱ्यांना मी भुईकोट किल्ला दाखवतो. जिल्ह्यातली सर्वोत्तम अभ्यासिका तीच. जवाहरलाल नेहरू, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, आचार्य नरेंद्र देव असे विद्यार्थी तिथं ऑगस्ट १९४२ मध्ये दाखल झाले. फी माफ, जेवण सरकारी, पाहुण्यांना बंदी, भोवती खंदक. नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ इथंच लिहिलं. पण तारखा बघा. पुस्तक लिहिलं एप्रिल ते सप्टेंबर १९४४, म्हणजे पाच महिन्यांत. वातावरण मिळालेलं होतं त्याच्या वीस महिने आधी! मधल्या काळात पंडितजी बागेची माती खणत होते, वाचत होते, सोबत्यांशी वाद घालत होते. इंग्रज सरकारनं दिलेलं इतकं कडेकोट वातावरण असूनही पेन उचलायला नेहरूंना वीस महिने लागले, तर आमच्या पुतण्याला टीव्ही बंद केल्याकेल्या गणित सुचावं ही अपेक्षा जरा जादाच म्हणायची.

मौलाना आझादांचं तंत्र वेगळं. ते पहाटे अंधारात उठत, आपल्या हातानं चहा करत आणि लिहायला बसत. ‘गुबार-ए-खातिर’ हे त्यांचं पत्रांचं पुस्तक या किल्ल्यातलं. त्यात खोलीत शिरणाऱ्या चिमण्यांवर एवढं सुंदर लिहिलंय की उर्दूवाले अजून त्याची आठवण काढतात. आमचा पुतण्या चिमण्यांकडं बघायला लागला की वहिनी खिडकी लावून घेतात.

क्लासमधल्या एका मित्रानं पुतण्याला टोमॅटोचं तंत्र सांगितलं. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाचा इटालियन विद्यार्थी १९८०च्या दशकाच्या शेवटी अभ्यासात मन लागेना म्हणून वैतागला होता. त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं गजराचं घड्याळ उचललं आणि ते वाजेपर्यंत उठायचं नाही, असं स्वतःशी ठरवलं. पुढं त्याचं शास्त्र झालं : २५ मिनिटं अभ्यास, ५ मिनिटं सुटी, असे चार फेरे झाले की मोठी सुटी. आमचे मेहुणे संगमनेरकडचे, टोमॅटोवाले. ते म्हणाले, “टोमॅटोच्या भरवशावर राहू नका दाजी. कधी सोनं देतो, कधी रस्त्यावर ओतायला लावतो.” त्यांचं खरं ठरलं. २५ मिनिटं ठीक चालली. पाच मिनिटांच्या सुटीत पुतण्यानं मोबाइल हातात घेतला आणि ती पाच मिनिटं संध्याकाळी साडेसहाला संपली. तंत्र चांगलं आहे, फक्त सुटीत मोबाइल दुसऱ्या खोलीत, शक्यतो आजीच्या उशाखाली, हवा.

या सगळ्यात आजी एक अक्षर बोलली नव्हती. ती शेवगाव तालुक्यातल्या खेड्यातली, शिक्षण चौथी. त्या दिवशी लाइट गेली होती. पुतण्या नाइलाजानं तिच्याजवळ येऊन बसला.

“काय चाललंय रं?”

“गुरुत्वाकर्षण. पाचव्यांदा वाचलं, आज्जी.”

“मंग सांग की मला. चंद्र खाली का पडत न्हाई?”

पुतण्यानं अंधारात पुस्तक चाचपलं.

“आरं, पुस्तक मिट आन् सांग.”

“पुस्तक मिटून कसं सांगू?”

“मंग पाच बारी वाचलं कशाला?”

खोलीत मेहेरबाबांच्या तोडीचं मौन पसरलं. मग पुतण्या अडखळत बोलू लागला. पहिल्या वाक्यात अडला, दुसऱ्यात न्यूटन आणि केप्लर यांची अदलाबदल केली, तिसऱ्यात चंद्र जवळजवळ पाडला. आजी मधूनच ‘मंग?’ म्हणायची, आणि त्या एका शब्दावर त्याला पुन्हा मागं जाऊन दुरुस्ती करावी लागायची. आजीला गुरुत्वाकर्षण कळत नाही. पण सांगणाऱ्याला कळलंय की नाही, ते बरोबर कळतं. अर्ध्या तासानं लाइट आली तेव्हा पुतण्याला घाम फुटला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक धडा त्याच्या डोक्यात बसला होता.

दुसऱ्याला सांगता सांगता आपण शिकतो, हे नगरला नवं नाही. सावित्रीबाई फुले शिक्षिका होण्यासाठी मिस फरार यांच्या इथल्या शाळेतच प्रशिक्षणाला आल्या होत्या, असं त्यांचे चरित्रकार सांगतात. अख्ख्या महाराष्ट्राला शिकवायला निघालेल्या बाईंनी शिकवायचं कसं, याचे धडे आमच्या गावात गिरवले आणि आम्ही मात्र शिकवणीची फी भरून मोकळे होतो.

दुसऱ्या दिवशी आजीनं परत विचारलं, “चंद्राचं काय झालं रं?” पुतण्या म्हणाला, “ते कालच झालं की.” आजी म्हणाली, “आम्ही पावकी-निमकी रोज म्हणायचो. दिवा लावला की परवचा. आज म्हणली म्हणून उद्या सुट्टी नव्हती.” तिनं ‘दिडकी’ सुरू केली आणि सत्तर वर्षांपूर्वीचं पाठांतर धडाधड बाहेर पडलं. मी तिथंच एबिंगहाउसचं नाव काढलं. या जर्मन गृहस्थानं स्वतःवरच प्रयोग करून, अर्थ नसलेली अक्षरं पाठ करून आणि विसरून, १८८५ साली दाखवून दिलं की पाठ केलेलं निम्म्याहून जास्त तासाभरातच निसटतं. मात्र दिवसांचं अंतर ठेवून पुन्हा उजळणी केली तर कमी कष्टात टिकतं. आजी म्हणाली, “त्याच्या आईनं त्याला परवचा म्हणायला लावला नसंल. न्हाई तर एवढा उपद्व्याप कशाला केला असता?”

मी सांगतो ते शास्त्र एका ओळीचं आहे. जो अभ्यास करताना सुख वाटतं तो बहुधा वाया जातो, आणि ज्यात ‘अरे, मला काहीच येत नाही’ असं वाटून पोटात गोळा येतो तो टिकतो. अडचण अशी की पोटातला हा गोळा बाजारात मिळत नाही. हायलायटर मिळतो, गाइड मिळतं, अपेक्षित प्रश्नसंच मिळतो, वायफायसकट खुर्ची मिळते. पुस्तक मिटायला पैसे लागत नाहीत, म्हणून त्याची जाहिरात कुणी करत नाही आणि फुकटच्या गोष्टीवर आपला विश्वास नाही. साईबाबांनी भक्तांकडून दोनच गोष्टी मागितल्या, श्रद्धा आणि सबुरी. पैकी श्रद्धा आम्ही पेपरच्या आदल्या रात्री भरभरून दाखवतो. सबुरी जूनपासून लागते, तिथं घोडं पेंड खातं.

आईबापांनी करायचं ते अगदी थोडं. टीव्ही बंद केलात तर चांगलंच. पण पोराकडं बघत बसण्याऐवजी त्याला रोज रात्री जेवताना एक प्रश्न विचारा, आणि उत्तर येत नसलं तर रागवू नका, ‘मंग?’ एवढंच म्हणा. जुन्या प्रश्नपत्रिका तीन तास घड्याळ लावून सोडवायला लावा. परीक्षेच्या आदल्या रात्री त्याला झोपू द्या; वाचलेलं झोपेत पक्कं होतं, याबद्दल शास्त्रज्ञांचं आणि आमच्या पुतण्याचं एकमत आहे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, हा लेख आवडला म्हणून यावर पिवळा फिरवू नका. मासिक मिटा आणि यातल्या तीन गोष्टी न बघता कुणाला तरी सांगा. दोनच आठवल्या तर घाबरू नका. परवा परत सांगा, आणि आठवड्यानं आणखी एकदा.